बीपी, शुगर आणि घरखर्च: गावाच्या तब्येतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य शिबिरात, ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. हा कुणाच्या वैयक्तिक औषधोपचाराचा सल्ला नाही. गोळी सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करायचं.

बीपी-शुगर म्हणजे ज्याचं त्याचं दुखणं. त्यात गावाचा काय संबंध?

एका माणसाला लकवा मारला तर त्याचं नशीब म्हणून सोडून देता येतं. पण तालुक्यातल्या वाडीवाडीत पन्नाशीतली माणसं अंथरुणाला खिळायला लागली, की वाडीत काय विकलं जातं, चुलीवर काय शिजतं आणि उपकेंद्रात गोळ्या मिळतात की नाही, हे बघावं लागतं. १९९० मध्ये भारतातल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के मृत्यू असंसर्गजन्य आजारांनी, म्हणजे हृदयविकार, मधुमेह, कर्करोग अशा एकाकडून दुसऱ्याला न लागणाऱ्या दुखण्यांनी, होत होते. २०१६ पर्यंत हा वाटा जवळपास ६२ टक्क्यांवर गेला. यातला काही भाग चांगल्या कारणानं वाढला: जुलाब, गोवर, न्यूमोनियानं लहानपणीच जाणारी मुलं जगली, मोठी झाली. उरलेला भाग मात्र आपण कसं जेवतो, कसं काम करतो, काय चघळतो आणि कोणत्या हवेत श्वास घेतो, यातून आला. यातलं फारच थोडं एकट्या माणसाच्या हातात असतं.

पण हे पैसेवाल्यांचे, शहरातले आजार ना?

होते, असं म्हणता येईल. आता नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडिअॅब' पाहणीचा देशभराचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत, म्हणजे साखर वाढलेली, पण अजून मधुमेह म्हणावा इतकी नाही. राज्यांमध्ये गोवा सर्वांत वर, २६.४ टक्के. म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त. उत्तर प्रदेश तळाला, ४.८ टक्के, पण तिथे उंबरठ्यावरच्या लोकांचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे हा आकडा तसाच राहील असं कुणी समजू नये.

याच पाहणीच्या आधीच्या टप्प्यात, २०१७ मध्ये, आणखी एक गोष्ट पुढे आली होती, जिची चर्चा फारशी झाली नाही. महाराष्ट्र, तमिळनाडू आणि चंडीगडच्या शहरी भागात मधुमेहाचं प्रमाण श्रीमंतांपेक्षा गरिबांमध्ये जास्त सापडलं. सुखवस्तू घरात आता ऑलिव्ह तेल, जिम आणि दर तीन महिन्यांची तपासणी आहे. बारा तास सुरक्षारक्षकाची ड्युटी करणाऱ्याच्या वाट्याला वडापाव, चहा आणि अर्धवट झोप येते. त्याला 'जीवनशैली बदला' असं सांगणं सोपं आहे. ती त्यानं निवडलेली नसते, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आमच्या घरात कुणी जाड नाही. आम्हाला कशी होईल शुगर?

हा प्रश्न महाराष्ट्रात जितका समजून घेतला गेलाय तितका क्वचितच कुठे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं लहान, हडकुळी. पण मोजमाप घेतल्यावर दिसलं की कमी पडलंय ते स्नायू आणि अवयवांचं वजन. चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त. पुढे अशा शरीराला थोडंसं वजन वाढलं तरी इन्सुलिन पुरेनासं होतं.

डॉ. याज्ञिकांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी फोटोच छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. शंभर पानांचा अहवाल जे पटवून देणार नाही ते त्या एका फोटोनं पटवलं.

म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त उपयोगाची. कमरेचा घेर पुरुषात ९० सेंटिमीटर आणि बाईत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की शुगर आणि बीपी तपासून घ्यावं, मग हातपाय कितीही काटकुळे असोत. आणि यातून निघणारी दुसरी गोष्ट: पन्नाशीतल्या मधुमेहाची सुरुवात आईच्या पोटात होते. सुनेला दिवस गेल्यावर तिच्या ताटात डाळ, अंडं, दूध, हिरवी भाजी पडते की सगळ्यांचं जेवून उरलेलं पडतं, यावर पुढच्या पिढीची शुगर काही प्रमाणात ठरते. पुण्याच्या याच अभ्यासात मातांमध्ये बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. शाकाहारी घरांनी डॉक्टरांना हे आवर्जून विचारावं.

सरकारी योजनेचं कार्ड आहे. मग खर्चाची चिंता कशाला?

कार्ड कामाचं आहे, जपून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पण ते प्रामुख्याने रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. अँजिओप्लास्टी त्यात बसते. त्याआधीची पंधरा वर्षं मेडिकलमधून दरमहा घेतलेल्या गोळ्या, लॅबचे रिपोर्ट, खासगी डॉक्टरांची फी, एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी त्यात बसत नाही.

दीर्घकालीन आजारात घर पोखरलं जातं ते याच बारीक खर्चानं. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४ टक्क्यांच्या आसपास होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून पेशंटच्या घरातून जातात. डायलिसिसचं उदाहरण घ्या. योजनेत डायलिसिस मोफत मिळालं तरी आठवड्यातून दोन-तीन वेळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, सोबत कुणीतरी पाहिजे, म्हणजे दोघांचं काम बुडालं. मूत्रपिंडं निकामी होण्याची मोठी कारणं मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब हीच आहेत. ते दहा वर्षं ताब्यात ठेवायचा खर्च आणि डायलिसिसच्या एका वर्षाचा खर्च कुणीही घरी बसून मांडून बघावा.

जाता जाता: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. अनेकांना हे अजून माहीत नाही.

आजार होऊच दिले नाहीत तर सरकारचे हजारो कोटी वाचतील, असं भाषणात ऐकतो. खरं आहे का?

अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट सत्यावर धोरण उभं केलं की पाच वर्षांनी 'बचत कुठे आहे?' असं विचारून तेच धोरण बंद पाडलं जातं. म्हणून हे नीट सांगायला हवं.

अमेरिकेत २००८ मध्ये संशोधकांनी प्रतिबंधक उपायांच्या खर्च-फायद्याचे शेकडो निष्कर्ष तपासले. ज्यात घातलेल्यापेक्षा जास्त पैसा वाचतो असे उपाय एक पंचमांशही भरले नाहीत. बाकीचे उपाय चांगले होते, आयुष्य वाढवणारे होते, पण त्यांना पैसे लागत होते. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका अभ्यासानं तर कडूच हिशेब मांडला: सिगारेट ओढणारे आणि लठ्ठ लोक लवकर मरतात, त्यामुळे निरोगी माणसापेक्षा त्यांचा जन्मभराचा वैद्यकीय खर्च कमी भरतो. निरोगी माणूस जास्त वर्षं जगतो आणि म्हातारपणाचे आजार सोबत आणतो.

याचा अर्थ लोकांना तंबाखू खाऊ द्यावी असा कुणी काढणार नाही. दवाखान्याचं बिल हा एकमेव रकाना धरून हिशेब मांडला की तो असा वेडावाकडा येतो, एवढंच. बेचाळिसाव्या वर्षी घरातला कमावता माणूस गेला तर शाळा सुटलेली पोरं, गहाण पडलेलं शेत, बाईवर आलेला सगळा भार, हे कुठल्याही रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी मांडलेला हिशेब असा व्यापक आहे: तंबाखूवरचा कर, मीठ कमी करणं, रक्तदाबाचे उपचार अशा निवडक उपायांवर घातलेल्या एका डॉलरमागे २०३० पर्यंत सात डॉलरचा परतावा. त्यात माणसाचं काम, कमाई, आयुष्य सगळं धरलंय.

तेव्हा सरकारी तिजोरीत बचत दिसेलच असं नाही. घरात दिसते.

असं कुठे खरंच झालंय का, की सगळं कागदावर?

झालंय. सर्वांत गाजलेलं उदाहरण फिनलंडमधल्या नॉर्थ करेलियाचं. रशियाच्या सीमेलगतचा जंगलाचा, दुग्धव्यवसायाचा, गरीब म्हणावा असा प्रांत. लाकूडतोडे आणि शेतकरी, म्हणजे अंगमेहनत करणारी माणसं. तरीही १९७० च्या सुमारास तिथले पुरुष हृदयविकारानं जगात सर्वांत जास्त प्रमाणात मरत होते. १९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनीच सरकारकडे अर्ज केला की आमच्यासाठी काहीतरी करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला आणि त्याची सूत्रं पेक्का पुस्का या अवघ्या विशीतल्या डॉक्टराकडे आली.

त्यांनी नवं हृदयरोग रुग्णालय बांधलं नाही. लोणी, मीठ, सिगारेट आणि रक्तदाब या चार गोष्टींच्या मागे ते लागले. 'मार्था' नावाची गृहिणींची जुनी संघटना होती, तिच्या गावोगावच्या बैठकांत बायका नेहमीचेच पदार्थ कमी चरबीत आणि जास्त भाज्या घालून करून बघायच्या. इथल्या बचतगटाच्या बैठकीत बसलेल्या कुणालाही ते दृश्य परकं वाटणार नाही. स्थानिक सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी कमी करून त्यात मशरूम घालायला राजी केलं. दूधवाले चिडले, कारण लोणी खपेना. मग त्यांच्यातल्या काहींना बेरीची लागवड करायला मदत केली गेली. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ज्याचं पोट जुन्या सवयीवर चालतं त्याला शत्रू ठरवलं नाही, त्याच्यासाठी दुसरा रस्ता शोधला. सिगारेट सोडण्याच्या स्पर्धा झाल्या. देशानं जाहिरातींवर बंदीचा कायदा केला. पाच वर्षांनी हेच काम देशभर नेलं.

चाळीस वर्षांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. टीकाकार म्हणतात की शेजारच्या प्रांतातही मृत्यू घटत होतेच, मग सगळं श्रेय प्रकल्पाला कसं? आक्षेप रास्त आहे. पण शेजारीही रेडिओ ऐकत होते, तेच बदललेलं दूध पीत होते, त्यांनाही तोच कायदा लागू होता. चांगली सवय तालुक्याची हद्द पाळत नाही.

फिनलंडचं ठीक. आपल्याकडे?

जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, या दुष्काळी तालुक्यात आले. लोकांना आधी पाहिजे होतं पाणी आणि अन्न, दवाखाना त्यानंतर. आरोळे दांपत्यानं तो क्रम मान्य केला. गावातल्याच बायका, त्यात अनेक दलित, अनेक निरक्षर, त्यांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. एक हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत होते; पुढच्या काही दशकांत ते प्रमाण कित्येक पटींनी खाली आलं. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते आजार वेगळे होते, बीपी-शुगर नव्हते. पण कमी शिकलेली, त्याच गल्लीत राहणारी बाई डॉक्टरपेक्षा जास्त जीव वाचवू शकते हे जामखेडनं दाखवलं, आणि आजची आशाताई ज्या कल्पनेवर उभी आहे तिच्या मुळाशी असेच प्रयोग आहेत.

रक्तदाबाचं अलीकडचं उदाहरण म्हणजे २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झालेला भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीला त्यात होते. उपक्रमात चमकदार असं काहीच नव्हतं. सगळ्या डॉक्टरांनी एकाच ठरलेल्या क्रमानं मोजकीच औषधं द्यायची. गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही. दर वेळी पाच दिवसांच्या पुडीऐवजी महिन्याच्या गोळ्या, त्याही घराजवळच्या उपकेंद्रातून. बीपी मोजायचं काम सिस्टर करतील. आणि जो पेशंट आला नाही त्याला फोन जाईल. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

मला काहीच त्रास होत नाही. मग बीपीची गोळी कशासाठी? आणि एकदा सुरू झाली की सुटत नाही म्हणे.

त्रास होत नाही हीच तर अडचण आहे. रक्तदाब १६०-१०० असलेला माणूस नांगरतो, रिक्षा चालवतो, लग्नात नाचतो. डोकं दुखण्याची वाट बघणाऱ्याला पहिली सूचना थेट लकव्यानं मिळू शकते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत रक्तदाब वाढलेल्या शंभर जणांपैकी तो आहे हे माहीत असलेले निघाले सुमारे २८. गोळ्या घेणारे १४-१५. आणि रक्तदाब खरोखर ताब्यात असलेले १२-१३. या आकड्यांत एक आशाही दडलेली आहे: जे गोळ्या घेत होते त्यांच्यातल्या बहुतेकांचा रक्तदाब ताब्यात होता. म्हणजे औषधं काम करतात. माणूस त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

'सुटत नाही' याबद्दल: गोळीची सवय लागत नाही. आजार टिकून असतो म्हणून गोळी टिकून असते. वजन उतरलं, मीठ-दारू कमी झाली तर काहींचा डोस डॉक्टर कमी करतात. महागही नाही. अॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी जनऔषधी केंद्रात रुपयाच्या आत मिळते, सरकारी दवाखान्यात फुकट.

मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड?

खा. गोळी सोडून नको.

शुगर उंबरठ्यावर आहे असं सांगितलंय. थांबवता येते?

बऱ्याच जणांची थांबते किंवा लांबते. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं अशा ५३१ जणांवर अभ्यास केला. २००६ मध्ये निष्कर्ष आले: नुसतं चालणं आणि जेवणातले बदल यांनी तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनंही जवळपास तेवढंच. अमेरिकेत हाच फायदा ५८ टक्के दिसला होता; आपला आकडा लहान आहे, कारण आपली माणसं मुळात कमी जाड आणि तरी जास्त आजारी. वर लिहिलेल्या पुण्याच्या बाळांची गोष्ट इथे पुन्हा लागू पडते.

भात बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली की झालं, असं नाही. चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच. ताटात डाळ, उसळ, अंडं, भाजी वाढू दे, भाकरी-भात आपोआप कमी होतो.

मीठ किती खावं? आम्ही सैंधव वापरतो, ते चालतं ना?

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं. भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅम किंवा त्याहून जास्त खातो. आपल्याकडे मीठ भाजीत कमी आणि भाजीच्या शेजारी जास्त असतं. लोणचं, पापड, कुरडया, ठेचा, सुकट-बोंबील, फरसाण, खारे शेंगदाणे. पानात डावीकडे मीठ वाढायची रीत तर लग्नातल्या पंगतीतही पाळली जाते. ती रीत मोडली तर कुणाचा धर्म बुडणार नाही.

सैंधव हेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, रंग तेवढा गुलाबी. शिवाय बहुतेक वेळा त्यात आयोडीन घातलेलं नसतं.

खरा उपयोगी पर्याय म्हणजे पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ. चीनमधल्या ६०० खेड्यांत साधारण २१ हजार लोकांवर याची चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. नुसती मिठाची पिशवी बदलली, बाकी काही नाही, तर मेंदूच्या झटक्यांत १४ टक्के घट. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांच्यासाठी जास्तीचं पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं.

मी बिडी-सिगारेट ओढत नाही. फक्त मिसरी लावते.

ताई, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. खर्रा, मावा, मळलेली तंबाखू सगळं त्यातच.

महाराष्ट्राचं चित्र मोठं चमत्कारिक आहे. २०१६-१७ च्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण इथे फक्त ३.८ टक्के, देशात सर्वांत कमी. आणि तंबाखू चघळणारे-लावणारे २४.४ टक्के. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. ती टपरीवर कशी पाळली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आणि मृत्यूंचा देशाला बसणारा आर्थिक फटका २०१७-१८ साठी १ लाख ७७ हजार कोटी रुपये मोजला गेला, देशाच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जास्त. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात.

आमच्या कंपनीत स्टेप-काउंट स्पर्धा, योगा डे, हेल्थ अॅप असतं. त्यानं खर्च कमी होतो?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांचा आणि अमेरिकेतल्या मंडळींचा. अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीच्या १६० शाखांमध्ये चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनं २० शाखा निवडून तिथे हा कार्यक्रम राबवला. २०१९ मध्ये निकाल आला. दीड वर्षानंतर लोक 'आम्ही जास्त व्यायाम करतो' असं सांगत होते, पण वजन, रक्तदाब, साखर, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी यात लक्षणीय फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या अशाच चाचणीत तर दिसलं की अशा कार्यक्रमात उत्साहानं उतरतात ते मुळात तंदुरुस्त लोकच.

स्पर्धा मजेची असेल तर करा. तब्येतीसाठी काही करायचंय तर कॅन्टीनमधलं तेल-मीठ आणि रात्री अकराचे कॉल याकडे बघा. ते करायला अॅप लागत नाही, म्हणून ते कुणी विकायला येत नाही.

दरवर्षी फुल बॉडी चेकअप करावा का?

सरसकट नाही. सुमारे अडीच लाख लोकांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो की अशा सर्वसाधारण तपासण्यांनी मृत्यू कमी होत नाहीत. ६० चाचण्यांच्या पॅकेजमध्ये एखादा आकडा थोडा इकडेतिकडे निघतोच आणि मग त्याच्यामागे धावाधाव.

नेमक्या तपासणीची गोष्ट निराळी. उस्मानाबाद, म्हणजे धाराशिव, जिल्ह्यातल्या ४९७ गावांत सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. टाटा स्मारक आणि बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात होतं. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनं (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीनं) आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या धोरणांत त्याचा आधार घेतला जातो. मराठवाड्यातल्या या बायकांमुळे जगातल्या किती बायका वाचल्या असतील, याचा अभिमान आपल्याकडे मात्र कुणी मिरवत नाही.

आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेते तो कसला?

तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, यावर गुण मिळतात. चारपेक्षा जास्त गुण आले तर त्या माणसाला तपासणीला आधी बोलावायचं. रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग अशा तपासण्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होतात. कमरेला टेप लावू द्या, आणि तंबाखूबद्दल खरं सांगा. सासऱ्यांसमोर सूनबाई मिसरीचं नाव काढत नाही. चांगली आशाताई म्हणून स्वयंपाकघरात जाऊन विचारते.

ग्रामपंचायतीला यात करण्यासारखं काय आहे?

भरपूर, आणि बहुतेक कामांना पैसा लागत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. टपरी हलवायची हिंमत लागते, निधी नाही. टपरीवाल्याला दुसरा माल लावायला मदत केली तर हिंमतही कमी लागते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी असतो. फवारणी आणि फलकांवर तो संपवण्याआधी समाजमंदिरात एक चांगलं बीपी मशीन ठेवता येईल. बायकांना संध्याकाळी न घाबरता चालता येईल असा उजेडातला रस्ता हवा. शालेय पोषण आहार, अंगणवाडीचं वाटप, गरोदर बायकांचा आहार यावर ग्रामसभेत गटाराइतकीच चर्चा व्हावी.

आणि ग्रामसभेत दर तीन महिन्यांनी एकच प्रश्न विचारावा: आपल्या उपकेंद्रात बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या?

फरक दिसायला किती वर्षं लागतात?

कामागणिक वेगळी. रक्तदाब गोळीनं काही आठवड्यांत उतरतो. तंबाखूचं धूम्रपान सोडल्यावर हृदयविकाराचा धोका वर्षभरातच बराच घटतो, कर्करोगाचा उतरायला दहा-पंधरा वर्षं जातात. गरोदर आईच्या ताटात आज वाढलेल्या अंड्याचा हिशेब तिचं मूल चाळिशीला पोचल्यावर लागेल. सरपंचाची मुदत पाच वर्षांची, म्हणून सगळ्यांना शिबिरं आवडतात. फोटो त्याच दिवशी मिळतो.

मृत्यूंचे आकडे बदलायची वाट बघत बसण्याऐवजी एक साधं मोजमाप पुरतं. उपकेंद्राच्या नोंदीत रक्तदाबाचे जेवढे पेशंट आहेत, त्यांच्यापैकी गेल्या तीन महिन्यांत किती जण आले आणि किती जणांचा रक्तदाब १४०-९० च्या खाली होता? हे दोन आकडे उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) किंवा सिस्टर पाच मिनिटांत सांगू शकतात. जे आलेच नाहीत त्यांची यादी मागा. ऊसतोडीला गेलेले, पोराकडे मुंबईला गेलेले, गोळी संपली म्हणून परत फिरवलेले, असे तीन-चार गट त्यात लगेच दिसतील, आणि प्रत्येकासाठी काय करायचं ते वेगळं असेल: ऊसतोडीला जाणाऱ्याला निघताना जास्त महिन्यांच्या गोळ्या आणि सोबत नेण्यासाठी औषधाचं कार्ड, मुंबईला गेलेल्याला तिथल्या महापालिकेच्या दवाखान्याचा पत्ता, आणि परत फिरवलेल्यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर एक पत्र, ज्याची पोच घ्यायला विसरू नका.